छापील आणि दिनांकित

महापेला सातव्या मजल्यावर माझं काम एवढंच:
नवं म्हणून नोंदलेलं जुनंच होतं, हे शोधून काढायचं.
तिकडे एक फोनकंपनी दुसरीला कोर्टात खेचते,
दुसरीचे वकील जेवायला उठतात
तेव्हा माझी पाळी सुरू होते. रात्री साडेदहा.

गेल्या वर्षी कोपरे होते.
फोनच्या चार कोपऱ्यांचा गोलवा कोणाचा,
यावर एकशे ऐंशी पानं.
मी साबणाच्या वड्या पाहिल्या, बश्या, जुने कॅल्क्युलेटर,
शाळेचा पत्र्याचा डबासुद्धा.
निकाल लागलाच नाही. त्यांनी तह केला.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असं आपल्यात म्हणतात.
तह झाल्यावर तिसऱ्याचं काय होतं
ते म्हणीत नाही.
ते कोपरखैरण्याला कळतं,
परशुराम घरतच्या दुकानात.

नऊ हजारांचा तो फोन,
ज्याचं नाव त्याने पाटीवरून खरवडून काढलंय,
त्याची कंपनी तहाच्या टेबलावर नव्हतीच.
तिला नोटीस आली, मग स्थगिती, मग ती गेली.
घरत म्हणतो, मॅडम, डिस्प्ले न्हावा-शेव्याला अडकलेत,
कंटेनर दिसतो म्हणे, माल सुटत नाही.
काउंटरच्या काचेखाली एकवीस फोन,
प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी.
‘सुनंदा वाघेरे. डायलिसिसचे रिपोर्ट आत आहेत.’
‘चार्ज होतो, दिसत नाही.’
‘रिक्षावाले, उद्या येतो.’ तो उद्या पाच वेळा खोडलेला.
मध्येच त्यातला एक वाजतो.
काळ्या काचेमागून कोणीतरी कोणालातरी बोलावतंय
आणि घरत बोट फिरवत राहतो,
उचलायची जागा सापडत नाही.

नवा घ्यायचा तर चौदा हजारांपासून पुढे.
त्यात काच किती, स्क्रू किती,
आणि ‘हे आधी आम्हाला सुचलं’ याचे किती,
ते बिलावर छापत नाहीत.

खोटं कशाला बोलू,
माझा पगार त्याच रुपयांतून येतो.
ऐरोलीच्या घराचा हप्ता या भांडणावर उभा आहे;
कायमचं मिटलं, तर पहिली घरी बसेन मीच.

या खेपेला उलटी चिमूट आहे.
दोन बोटं काचेवर टेकवून फाकवली की चित्र मोठं होतं:
ही हालचाल कोणाची?
एकोणीस रात्री शोधतेय.
एक जपानी प्रबंध मिळाला,
आणि कुठल्याशा विद्यापीठातलं एक टेबल
जे कोणी विकायला काढलंच नाही.

रविवारी दिवाळे गावच्या बाजारात
गोमती मढवीच्या पाटीत जिताडा होता.
ताजा आहे का, विचारलं.
ती बोलली नाही.
अंगठा नि तर्जनी कल्ल्यावर टेकवून फाकवली.
आत लाल. ओलं, उघडं, मोठं.

कधीपासून करता हे, मी म्हटलं.
‘काय करतं?’
हेच, बोटांनी.
‘घ्याचा त घे, नय त सरक. गिराईक हाय मागं.’

सोमवारी फॉर्म उघडला.
पुरावा छापील आणि दिनांकित असावा.
तिच्या बोटांना कोणी छापलेलं नाही.
कल्ल्याला तारीख नसते,
असते ती फक्त ताजेपणाची, आणि ती संध्याकाळी संपते.
तासभर रकाना रिकामा ठेवला.
मग जपानी प्रबंध जोडला, पान एकसष्ट.

पहाटे बसची वाट बघताना
जिताड्याचा फोटो काढला,
दोन बोटांनी मोठा केला.
बिनधास्त. या बोटांचं भाडं
फोन घेतानाच भरलंय.
लाल मोठं होत गेलं, आणखी मोठं,
मग नुसते चौकोन,
त्यांचे कोपरे अजून टोकदार.